ठकूकाकीच्या घराखालचा कानोसा

मी ठकूकाकीच्या घरी दिवसातून सरासरी सत्तावीस वेळा जाते, हे मला एका डबीकडून कळलं. मला कोणी विचारलं असतं तर मी सात म्हणाले असते, फार तर आठ. म्हणून आदल्या दिवशीच्या फेऱ्या मी आठवून आठवून बोटांवर मोजल्या. सकाळी दात घासत एकदा. वेणी घालून घ्यायला एकदा. रिबन विसरली म्हणून परत. शाळेतून आल्यावर दप्तर आधी तिच्या ओट्यावर टाकायचं आणि मग घरी जायचं, ही तर माझी पहिलीपासूनची पद्धत. संध्याकाळपर्यंत एकोणतीस झाले! डबी खोटं बोलत नव्हती, उलट मला सांभाळूनच घेत होती.

ठकूकाकी माझी सख्खी काकी नाही, शेजारीण आहे. माझी आई पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते आणि बाबा दिवसभर जिताडे माशांच्या तळ्यावर असतात. त्यामुळे मी रांगायला शिकले ती काकीच्या पडवीत. तिला मूलबाळ नाही, काका जाऊन नऊ वर्षं झाली आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेत. तोंड मात्र ठणठणीत.

आमचं गाव खारनेवरी. खाडीच्या भरतीची पातळी वर आणि आमची जमीन खाली, असा सगळा उलटा कारभार. मधे आहे तो फक्त मातीचा लांबच लांब बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. बाहेरकाठा फुटला की खाडी सरळ घरात. बाहेरकाठ्यापासून पहिलं घर ठकूकाकीचं, आणि त्याचं जोतं गावात सगळ्यात खाली.

गेल्या वर्षी, म्हणजे २०४० च्या उधाणाला, बांध फुटला होता. वीस मिनिटांत काकीच्या घरात कमरेइतकं पाणी आलं. ती खाटेवर उभी राहून वाशाला धरून होती. बाबांनी तिला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं तेव्हा तिचे हात वाशावरून सुटतच नव्हते. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती: पुढच्या उधाणाआधी काकी टेकडीवर गेली पाहिजे.

टेकडीवर 'आसरा' योजनेच्या खोल्या आहेत. पक्क्या, उंचावर, पावसाळ्याचे चार महिने राहायला. खोल्या मोजक्या आणि खाडीकाठची गावं चौदा. मग खोली कोणाला द्यायची, हे ठरवतो कानोसा.

कानोसा म्हणजे तीच ती डबी. साबणाच्या वडीएवढी, प्रत्येक घराच्या जोत्यात पुरलेली. आसरा योजनेच्या ढवळे मॅडमनी आमच्या नववीच्या वर्गात येऊन ती समजावली होती. त्यांनी दोन माठ आणले होते, एक रिकामा आणि एक काठोकाठ भरलेला. "टिचकी मारा," म्हणाल्या. डोळे मिटूनही कुठल्या माठात पाणी आहे ते कळलं.

"जमिनीचंही तसंच," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही घरात चालता तेव्हा प्रत्येक पाऊल म्हणजे जमिनीला मारलेली एक टिचकी. तिची धडक कोरड्या मातीत रेंगाळते, पाणी भरलेल्या मातीत भर्रकन पुढे जाते. ती एका घराच्या डबीपासून शेजारच्या डबीपर्यंत किती वेळात पोचली, हे मोजलं की जोत्याखाली पाणी कुठवर चढलंय ते कळतं. बांध वरून धडधाकट दिसत असला आणि खालून पाझरत असला, तरी कळतं. आणि सगळ्यात आधी कळतं ते बांधाला लागून असलेल्या घराला."

मी हात वर केला. अलीकडे मी सारखी हात वर करते. "मग मॅडम, कोण चालतंय तेही कळत असेल?"

"कळतं. प्रत्येकाची चाल सहीसारखी वेगळी असते. आणि गंमत तिथेच झाली. पुरानंतर कुठली घरं लवकर सावरली ते शास्त्रज्ञांनी तपासलं. पक्की भिंत असलेली? उंच जोत्याची? तसं नव्हतं. ज्या घरांत जास्त वेगवेगळी पावलं येत-जात होती, ती घरं आधी उभी राहिली. माणसांची ये-जा हा सिमेंटपेक्षा भक्कम आधार निघाला."

मला हे इतकं आवडलं की मी टाळ्याच वाजवल्या. एकटीनेच. वर्ग हसला, हसू दे!

तर प्रत्येक घराला दोन आकडे मिळतात. पाण्याचे पन्नासपैकी, जमीन जितकी कोरडी तितके जास्त. माणसांचे पन्नासपैकी, मदतीची पावलं जितकी जास्त तितके जास्त. दोन्हींची बेरीज चाळीसच्या खाली आली, तर घर धोक्यात आणि टेकडीवरची खोली मिळणार. आमच्या शाळेने मला गावचे आकडे वाचायचं काम दिलं होतं. रोज संध्याकाळी पंचायतीच्या पडद्यावरून ते वाचायचे आणि आळीत सांगायचे. मी ते बातम्यांसारखे वाचायचे, 'नमस्कार' वगैरे करून.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी मी पहिल्यांदाच ठकूकाकीचा आकडा वाचला. पाणी अठरा. माणसं चव्वेचाळीस. एकूण बासष्ट. शेरा: 'मदतीची गरज नाही.'

गावातलं सगळ्यात खालचं घर, गुडघे गेलेली एकटी बाई, आणि गरज नाही? मी तिच्या नावावर बोट ठेवून तपशील उघडला. चव्वेचाळीसमधले सगळ्यात जास्त कोणाचे होते? 'पाऊल क्रमांक चार, रोज सरासरी सत्तावीस फेऱ्या.'

मीच ती! काकीची खोली मी, माझ्या दोन पायांनी, तुडवून टाकली होती.

त्या संध्याकाळी मी आळीला आमच्या मागच्या अंगणात बोलावलं. "यादी ठरते शेवटच्या तेरा दिवसांच्या सरासरीवर," मी सांगितलं. "उद्या सोमवारपासून त्यापुढच्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. नंतरच्या रविवारी पिठोरी अमावस्या. दुपारी पावणेएकला उधाण, पाच मीटरच्या वर. तेरा दिवस कोणी काकीच्या घरात पाऊल टाकायचं नाही. मग आकडा पडेल, आणि रविवारी सकाळी गाडी येऊन तिला टेकडीवर नेईल."

समोरच्या कुंदावहिनी म्हणाल्या, "म्हणजे बाईला मदत करायची तर मदत बंद करायची?"

"हो."

"हा कुठला कायदा गो?"

"कायदा नाही वहिनी, बेरीज आहे."

"मग म्हातारीला सांगून करू ना."

इथेच तर अडचण होती. आकडा खाली आणायला मुद्दाम काही केलं असं दिसलं, तर अख्ख्या आळीची नावं बाद, असा नियम आहे. आणि ठकूकाकीच्या पोटात काही राहत नाही. दुपारी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गावातल्या कोळणीपर्यंत पोचतं. शिवाय तिला कळलं असतं, तर तिने मला फरफटत घरात नेऊन बसवलं असतं.

"तेरा दिवस तर आहेत," मी म्हणाले. मला वाटलं, तेरा दिवस म्हणजे काहीच नाही.

आईने बोटांवरचा काळा रंग खरवडत माझ्याकडे पाहिलं. "तुला जमेल?"

"न जमायला काय झालं!"

सोमवारी सकाळी मी आरशासमोर स्वतः वेणी घातली. ती वाकडी झाली. भिंतीपलीकडून हाक आली, "दुर्वे, गो दुर्वे! कंगवा घेऊन बसलंय मी."

मी कानात गाणी घातली. दुपारी परत हाक आली. "चहा गार झाला गो बाय!" मी गाण्यांचा आवाज वाढवला. बुधवारी तिने अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून वाटी सरकवली, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं कालवण. मी वाटी घेतली, तिचा चेहरा पाहिला नाही, "अभ्यास आहे" म्हणाले आणि आत पळाले. कालवण खाताना मला रडू येत होतं आणि ते मस्तही झालं होतं. दोन्ही एकदम.

आणि आकडा? आकडा पडायला लागला! माणसं चव्वेचाळीस, चाळीस, छत्तीस. मी पडद्यासमोर नाचायचे आणि मग घरी येऊन गप्प बसायचे. नक्की काय वाटायला हवं, ते मला कळेना.

सातव्या दिवशी काकी स्वतः आमच्याकडे आली. चार पावलांचं अंतर चालायला तिला दहा मिनिटं लागली. उंबऱ्यात टेकली आणि आईला म्हणाली, "माझ्या हातून काय झाला का गो? कुंदी बोलत नाय. तुझी पोर तोंड चुकवते. काय वाकडा बोलले असेन तर तोंडावर सांगा, मी काय रागवायची नाय."

आई म्हणाली, "छे हो काकी, कारखान्यात कामाची घाई आहे. गणपती तोंडावर आले."

"कारखान्यात तू जातेस. आळी कुठं जाते?"

मी माळ्यावर लपून पट्ट्यांच्या फटीतून बघत होते. काकी थोडा वेळ बसली, मग भिंतीला धरत परत गेली. त्या दिवसापासून तिने हाका मारणं बंद केलं. तिच्या चुलीचा धूरही एकच वेळ दिसायला लागला.

शुक्रवारी एकूण आकडा अडतीस झाला. पाणी अठरा, माणसं वीस. चाळीसच्या खाली! पडद्यावर तिचं नाव पिवळ्याचं लाल झालं आणि पुढे आलं: 'खोली राखीव. रविवार, सकाळी ९.' मी घरी धावत आले आणि बाबांना मिठी मारली. बाबा म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? मग चेहरा असा का?"

मला तरी कुठे माहीत होतं! काकी खरंच एकटी पडली म्हणून आकडा पडला होता, की एकटी दिसली म्हणून? ती तर खरंच जेवेनाशी झाली होती. मग आकडा खोटा कसा? आणि खरा असेल तर तो खरा केला कोणी?

शनिवारी दुपारी दीड वाजता मी पंचायतीत गेले. रोजच्यापेक्षा लवकर, कारण घरात बसवेना. गावातल्या सगळ्या घरांचे पाण्याचे आकडे खाली येत होते. उधाण जवळ आलं की जमीन भिजणारच. आमचे एकतीसचे सव्वीस झाले होते. कुंदावहिनींचे सत्तावीसचे तेवीस. ठकूकाकीचे अठराच. काल अठरा, परवा अठरा, आठवडाभर अठरा. आकड्याशेजारी एक बारीकसा करडा ठिपका होता. मला इतके दिवस वाटत होतं, पडद्यावर माशी बसून गेली.

मी नखाने खरवडला. जाईना.

मी ढवळे मॅडमना फोन लावला. "मॅडम, समजा एखादं घर आहे. समजा हं. त्याच्या पाण्याच्या आकड्याशेजारी करडा ठिपका असेल, तर?"

"तर तो आकडा जुना आहे. डबीला काही ऐकू येत नाहीये, म्हणून शेवटचा आकडाच पुढे दाखवतेय. घर बंद असलं की होतं तसं."

"पण घरात माणूस असेल तर? म्हणजे समजा, पाय फरफटत चालणारं?"

"फरफटण्याने धडक बसत नाही, दुर्वा. पाऊल पडावं लागतं. निदान आठ-दहा माणसांची ये-जा हवी, तर माती बोलते. कोणतं घर?"

मी फोन ठेवला.

आम्ही पावलं थांबवली म्हणून टिचक्या थांबल्या. टिचक्या थांबल्या म्हणून कानोसा बहिरा झाला. आणि बहिरा झाला तो बांधाजवळचा पहिला, ज्याच्या भरवशावर अख्खं गाव होतं! बांधाखालून पाझर लागला असेल तर कोणालाच कळणार नव्हतं. किंवा पाझर नसेलही. तेही कळणार नव्हतं.

मी फोन केल्यावर बाबा तळ्यावरून बांधावर जाऊन पाहून आले. "वरून तर धड दिसतोय. पण खेकड्यांची बिळं आतून असतात. ती उकरल्याशिवाय कशी दिसणार? आणि एवढा बांध कुठे कुठे उकरणार?"

"कधीपर्यंत कळलं तर दुरुस्त होईल?"

"ओहोटी सहाला. चिखल भरायचा तर ओहोटीला आणि उजेडातच. चारपर्यंत माणसं निघायला हवीत. उद्या सकाळी हात लावायचा म्हटलं तर भरती सुरू."

घड्याळात सव्वादोन झाले होते. यादी ठरायला पावणेचार तास. आता आम्ही आत गेलो तर काकीची खोली गेली. नाही गेलो आणि बांधाखाली पाणी असलं, तर सगळं गाव गेलं. आणि गेलो, पण पाणी नसलंच, तर तेरा दिवस काकीला छळलं ते उगाच, आणि खोलीही गेली. मी तिच्या ओट्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय टाकायचे आणि मागे घ्यायचे. टाकायचे आणि मागे घ्यायचे. माझं डोकं चालत नव्हतं. शेवटी पायच आत गेले.

काकी भिंतीला टेकून बसली होती. समोर बांधलेलं गाठोडं; उद्याच्या गाडीचा निरोप तिलाही आला असणार. तेरा दिवसांत ती बारीक झाली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि उड्या मारायला लागले.

"गो, काय झाला तुला? अंगात आला काय?"

"काकी, बोलू नको, मला मोजू दे!" मी चारही कोपऱ्यांत जाऊन आपटत होते. हातातल्या फोनवर पंचायतीचा पडदा उघडा होता, करडा ठिपका तसाच. एकटीचं काम नव्हतंच ते. मी थांबले आणि सगळं सांगून टाकलं. सत्तावीस फेऱ्या, बेरीज, तेरा दिवस, अडतीस, ठिपका, बिळं, सगळं एका दमात.

ठकूकाकी ऐकत राहिली. एवढा वेळ तिला गप्प मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"म्हणजे कुंदी रागावली नाय?"

"नाही."

"तुझी आई?"

"नाही गं काकी. कोणीच नाही."

"आणि मी तेरा दिवस उजळणी करते, कोणाला काय बोलले, कोणाला काय बोलले. नऊ वर्षांपूर्वीची भांडणा पण आठवून झाली." मग तिचा आवाज चढला. "भवाने! मला विचारायचा होता! माझी खोली, माझे गुडघे, आणि ठरवणार तू?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! माझा हक हाय तो!" तिने गाठोडं पायाने बाजूला ढकललं. "आता बसलंस काय? किती माणसा लागतात?"

"आठ-दहा. पण काकी, खोली..."

"खोलीत बसून काय गाव बुडताना बघू? हाक मार."

मी ओट्यावर जाऊन अशी बोंब ठोकली की तळ्यावरचे बगळे उडाले. कुंदावहिनी पहिल्या आल्या, पिठाच्या हातांनी. मग उधाणासाठी कारखान्यातून लवकर आलेली आई, तिच्यामागून पलीकडच्या दोघी सासू-सुना, मग बघता बघता अख्खी आळी. सगळ्यांना आत यायचं होतं आणि कोणालाच काकीकडे बघवत नव्हतं.

"नुसत्या उभ्या काय राहताय, फेर धरा!" काकी गरजली. "पाय आपटून. गणपतीपुढं नाचता तशा."

आणि त्या पडवीत भर दुपारी चौदा बायकांनी फेर धरला. काकीने बसल्या जागेवरून गाणं उचललं. गौरीचं होतं, आठवडाभर आधीच. नाचता नाचता कुंदावहिनींनी तिच्या पुढ्यात वाकून कान पकडले. काकी गाणं न थांबवता त्यांच्या पाठीत एक धपाटा घालून पुढची ओळ म्हणाली.

सहा मिनिटांनी ठिपका गेला. आकडा हलला. अठरा. अकरा. सहा. तीन.

पन्नासपैकी तीन. पाणी जोत्याखाली हातभरावर आलं होतं. पंचायतीचा भोंगा वाजला.

आमच्याकडे बांधाच्या कामाला घरटी एक माणूस जातो. ही फार जुनी रीत आहे, यंत्रं यायच्या आधीची. बांधाचं काम बघणारे बामाकाका वर उभे राहून एकेका घराचं नाव पुकारतात, आणि त्या घरच्या माणसाने 'हाजर' म्हणून खाली उतरायचं. चारच्या सुमाराला अर्धं गाव तिथे होतं. बाबा आमच्या घरचे म्हणून आधीच चिखलात होते. काका गेल्यापासून बामाकाका ठकूकाकीचं नाव गाळून पुढे जायचे, तिला वाईट वाटू नये म्हणून. आताही त्यांनी गाळलं.

"बामाकाका, एक घर राहिलं," मी म्हणाले.

"कोणतं गो?"

"ठकूबाई. हाजर."

कोणीतरी हसलं. बामाकाका हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं. "उतर. पायाखाली शिंपल्या हायत, सांभाळ."

काकीच्या घराच्या नेमक्या सरळ रेषेत, बांधाच्या पोटात, माणूस ओणवं होऊन आत जाईल एवढी पोकळी निघाली. वरची मातीची साल तेवढी शिल्लक होती. आम्ही अंधार पडेपर्यंत पेंढा आणि चिखल भरत होतो. सहा वाजता फोन थरथरला. मी हात पुसून पाहिलं. पाणी तीन, माणसं एक्केचाळीस. काही तासांत एवढी माणसं आल्यावर सरासरीही उसळली होती. एकूण चव्वेचाळीस. 'मदतीची गरज नाही. खोली रद्द.'

मी फोन खिशात टाकला आणि पुढचं घमेलं घेतलं.

रविवारी पावणेएकला उधाण आलं. बांध टिकला. पण त्याच्या डोक्यावरून लाटा उसळत होत्या, आणि खालची आळी गुडघाभर भरली. काकीच्या घरात मांडीपर्यंत पाणी होतं. ती मात्र सकाळीच आमच्या माळ्यावर पोचली होती. चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर चढवलं होतं आणि ती वरून सगळ्यांना सूचना देत होती.

तीन वाजता ढवळे मॅडम होडीतून आल्या. साडी खोचून माळ्यावर चढल्या. "तू 'समजा' म्हणालीस तेव्हाच कळलं मला," त्या मला म्हणाल्या. "मी 'डबीत बिघाड' असं लिहिलंय. आळीची नावं बाद होणार नाहीत."

मला आभार मानायचे होते, पण तोंडातून दुसरंच निघालं. "मॅडम, आम्ही काकीकडे जातो हे खरं आहे. तिच्या घरात पाणी आहे हेही खरं आहे. मग तुम्ही त्यांची बेरीज का करता? माणसं आली म्हणून पाणी कमी होतं का?"

"पहिल्या बैठकीत मी हेच विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "खोल्या कमी आहेत, म्हणाले. कुठेतरी रेघ मारावी लागते." मग त्यांनी अर्ज भरायची पडद्याची पाटी काढली. "एक वाट आहे. विशेष शिफारस. माझ्या अधिकारात एक खोली देता येते. आजच नेते ठकूबाईंना. फक्त या एका वाक्याखाली त्यांची सही हवी."

खोली मिळत होती! काकीने हात पुढे केला. "चष्मा घरात बुडला. वाच गो दुर्वे."

मी वाचलं, "माझ्या घरी मदतीला येणारं कोणीही नाही."

खाली पाण्यात कोणाचं तरी पातेलं भिंतीला आपटत होतं. मला वाटलं, सही कर. मला वाटलं, करू नको. दोन्ही इतक्या जोरात वाटलं की मी पाटी घट्ट धरून उभीच राहिले.

काकी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. पण मी ते बघणं विसरणार नाही.

"तेरा दिवस खरा होता ते," ती मॅडमना म्हणाली. "तेव्हा आणला असता तर केली असती सही. आता नाय करता येत."

"पण पुढचं उधाण पौर्णिमेला आहे, ठकूबाई. राहणार कुठे?"

बाबा उठले, खाली पाण्यात उतरले, आणि माळ्याच्या शिडीला कठडा ठोकायला लाकूड शोधू लागले. मॅडमनी पाटी मिटली.

मी काकीच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझी वेणी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि सोडायला लागली.

"कोणी घातली ही?"

"मीच."

"दिसतंय," काकी म्हणाली. "सरळ बस."